जांभळ्या पट्ट्याचा रुमाल

पाहुणे जमले आहेत, तोंडीलावणी फिरून गेली आहेत, तरी यजमानाचा पत्ता नाही. मग वाद्ये वाजू लागतात आणि नोकर एका म्हाताऱ्याला उचलून आणतात, उशांच्या ढिगात नीट ठेवून देतात. डोके तासलेले, अंगावर भडक लाल शाल, आणि आधीच कपड्यांनी गच्च झालेल्या गळ्याभोवती खोचलेला एक रुमाल. रुमालाला रुंद जांभळा पट्टा, दोन्हीकडे लोंबणारी झालर. डाव्या करंगळीत सोन्याचे पाणी चढवलेली भली मोठी अंगठी. शेजारच्या बोटाच्या टोकाच्या पेरात दुसरी, लहान. ती बहुधा अस्सल सोन्याची, पण तिच्यावर लोखंडाच्या चांदण्या ठळकपणे जडवलेल्या. पाहुण्यांना हसू आवरत नाही.

पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मधला हा त्रिमाल्किओचा प्रवेश. दोन हजार वर्षांनंतर आपणही हसतो, कारण नवश्रीमंताचा भपका ओळखायला लॅटिन यावे लागत नाही. मात्र या वर्णनातली अस्सल गंमत त्या पट्ट्यात आणि लोखंडी चांदण्यांत आहे, आणि ती कळायला रोममध्ये कोणाला काय घालता येत होते हे ठाऊक असावे लागते.

रोमन समाजात माणसाची पायरी लांबूनच वाचता येई. सदऱ्यावर रुंद जांभळा पट्टा असेल तर तो सिनेटर. त्यासाठी किमान 10 लाख सेस्टर्सची मालमत्ता लागे. पट्टा अरुंद असेल तर ‘एक्विटीस’, म्हणजे घोडेस्वार वर्ग. हे नावापुरते घोडेस्वार. प्रत्यक्षात जमीनदार, सावकार, कंत्राटदार. त्यांना 4 लाखांची अट. नाटकगृहात सिनेटर सगळ्यात पुढे, आणि इसवी सनपूर्व 67च्या कायद्याने त्यांच्यामागच्या चौदा रांगा घोडेस्वारांना राखून ठेवलेल्या. सोन्याची अंगठीही अशीच मोजूनमापून दिलेली. सम्राट टायबेरियसच्या काळात, इ.स. 23च्या सुमारास नियम झाला की जो स्वतः, ज्याचा बाप आणि ज्याचा आजा हे तिघेही जन्मापासून स्वतंत्र आहेत आणि ज्याच्याकडे घोडेस्वाराइतकी मालमत्ता आहे, त्यानेच ती घालावी. पाठोपाठ 24 साली आणखी एक कायदा आला. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने जन्मस्वतंत्रांचे मान बळकावले तर शिक्षा, आणि गावच्या नगरसभेची पदे तर त्याला बंदच.

त्रिमाल्किओ असाच सुटलेला गुलाम. आशिया प्रांतातून पोरवयात आणलेला, हिशेबात हुशार निघालेला, मालकाच्या मर्जीतला. मालकाने मृत्युपत्रात सम्राटाच्या जोडीने त्याला वारस केले. त्या वारशाला तो स्वतः रुंद पट्ट्याची दौलत म्हणतो. दौलत रुंद पट्ट्याची, सदरा मात्र साधा! पट्टा सदऱ्यावर आला तर गुन्हा होतो. तोंड पुसायच्या रुमालावर आला तर कोण काय करणार? अंगठ्यांचेही तेच. पहिलीला नुसता मुलामा, दुसरीवर लोखंड; कोणी हरकत घेतलीच तर दाखवायला ते लोखंड आहेच. त्याला गावंढळ म्हणणे सोपे आहे. मला तर तो कायदा तोंडपाठ असलेला माणूस वाटतो. कुंपण कुठे आहे हे त्याला इंचाइंचाने ठाऊक आहे आणि तो कुंपणाला अंग घासत चालतो.

लेखकाविषयी थोडे. नीरोच्या दरबारात अभिरुचीचा शेवटचा शब्द ज्याचा मानला जाई तो पेट्रोनियस हाच, असे बहुतेक अभ्यासक धरतात. तो कॉन्सलपदापर्यंत पोचला होता, म्हणजे पायऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला. 66 साली सम्राटाची खप्पामर्जी झाली आणि त्याने स्वतःच्या शिरा कापून घेतल्या. टॅसिटसने त्याचे मरण चवीने वर्णन केले आहे. त्याच्या कादंबरीचे आज तुकडेच हाती आहेत. त्यातला हा मेजवानीचा सलग भाग तर कित्येक शतके युरोपला माहीतच नव्हता. सतराव्या शतकाच्या मध्यावर डाल्मेशियातल्या त्रोगिर गावी त्याचे हस्तलिखित सापडले आणि 1664 साली ते पादुआत छापले गेले. पुढे फिट्झजेराल्डने ‘द ग्रेट गॅट्सबी’साठी त्रिमाल्किओचे नाव योजले होते, यावरून हे पात्र किती लांब चालत आले ते दिसते.

आता घर बघू. जेवणघराच्या दाराच्या खांबांना कुऱ्हाडी बांधलेल्या छड्यांच्या मोळ्या लटकवलेल्या आहेत. अशा मोळ्या कॉन्सल निघाला की त्याच्यापुढे चालत. राज्यसत्तेचे ते चिन्ह. इथे त्या यजमानाला त्याच्याच कारभाऱ्याने अर्पण केल्या आहेत, तसा लेखही खाली आहे. ओसरीच्या भिंतीवर मालकाचे चरित्र रंगवलेले: गुलामांचा बाजार, हातात दैवी दंड घेतलेला लांब केसांचा पोरगा, मिनर्व्हा देवी त्याला रोममध्ये नेते आहे, मग तो हिशेब शिकतो, मग कारभारी होतो, आणि शेवटी व्यापाराचा देव मर्क्युरी त्याला हनुवटीला धरून उंच व्यासपीठावर उचलतो आहे. गुलामांचा बाजार त्याने चित्रातून खोडलेला नाही, याकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. ज्याची लाज वाटायची ती गोष्ट त्याने पहिल्या चौकटीत ठेवली आहे. आणि त्याच घराच्या दारावर पाटी: मालकाच्या हुकुमाशिवाय बाहेर पडणाऱ्या गुलामाला शंभर फटके.

मेजवानी रंगात आली असताना एक कारकून उठतो आणि दप्तर वाचू लागतो. रोममध्ये रोजच्या सरकारी घडामोडींचे पत्रक निघे, त्याच थाटात. 26 जुलै. कुमेच्या शेतावर 30 मुलगे आणि 40 मुली जन्मल्या. खळ्यावरून 5 लाख मापे गहू कोठारात गेला. 500 बैल जुंपायला तयार झाले. त्याच दिवशी मिथ्रिडेटिस नावाच्या गुलामाला, मालकाच्या दैवताला शिव्या दिल्याबद्दल, क्रुसावर चढवले. त्याच दिवशी गुंतवायला जागा न मिळाल्याने 1 कोटी सेस्टर्स तिजोरीत परत ठेवले. त्याच दिवशी पॉम्पेईच्या बागांत आग लागली. त्रिमाल्किओ दचकतो: या बागा मी कधी घेतल्या? गेल्या वर्षी, म्हणून अजून हिशेबात आल्या नाहीत. पुढे शेतांवरच्या अधिकाऱ्यांचे जाहीरनामे, रखवालदारांची मृत्युपत्रे, एकाची हद्दपारी, एकावर खटला, नोकरानोकरांतला निवाडा.

मेजवानीतले हे सगळ्यात भेदक पान. विनोद यादीच्या क्रमात आहे. बैल आणि तिजोरी यांच्यामध्ये एक माणूस क्रुसावर जातो आणि वाचणाऱ्याचा आवाज हलत नाही. पेट्रोनियस इथे एकही विशेषण वापरत नाही, कोणाला चुकचुकायला लावत नाही. मालकाला धक्का बसतो तो आगीच्या बातमीने, तोही बागा आपल्या आहेत हेच ठाऊक नव्हते म्हणून. हास्य आणि बीभत्स इतके चिकटून आलेले मी क्वचित वाचले आहे. आणि या यादीतूनच या घराचे कोडे सुटते. बाहेर ज्याला नगरसभेत बसता येत नाही, न्याय देता येत नाही, जाहीरनामा काढता येत नाही, त्याने अख्खे राज्य घरात थाटले आहे: दप्तर, न्यायालय, हद्दपारी, जन्ममृत्यूची नोंद, दारावर सत्तेच्या मोळ्या. आपण कायदा न मानणाऱ्याच्या घरी आलेलो नाही. कायद्याने ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याने घातलेली ही कायद्याचीच नक्कल आहे. खरे सरकार या घरात एकदाच येते. रात्री त्रिमाल्किओ स्वतःच्या अंत्यविधीची रंगीत तालीम करतो आणि तुताऱ्या इतक्या जोरात वाजतात की आग लागली असे समजून वस्तीचे पहारेकरी पाणी आणि कुऱ्हाडी घेऊन दार फोडतात.

या राज्यात स्वातंत्र्यसुद्धा राजाच्या अब्रूसाठी वाटले जाते. कसरतीचा खेळ चालू असताना एक गुलाम पोरगा वरून थेट त्रिमाल्किओच्या अंगावर पडतो. सगळ्यांना वाटते, आता पोराची धडगत नाही. उलट हुकूम सुटतो की पोराला मुक्त करा. का? एवढ्या मोठ्या माणसाला एका गुलामाने जखमी केले असे कोणी म्हणू नये म्हणून. तर्क बिनतोड आहे आणि तितकाच भयंकर. पोराचे आयुष्य एका वाक्यात पालटले, पण त्या वाक्यात पोरगा कुठेच नाही.

आतापर्यंत आपण यजमानाकडे पाहिले. पण या मेजवानीचे काळीज माझ्या मते दुसरीकडे आहे, आणि तिथे पोचायला थोडा गोंधळ व्हावा लागतो. निवेदक एन्कोल्पियस आणि त्याचा मित्र अस्किल्टोस हे शिकलेले, रिकामटेकडे तरुण. चालू प्रकार पाहून अस्किल्टोस हात वर करून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. शेजारी हर्मेरोस नावाचा पाहुणा बसला आहे, तोही सुटलेला गुलाम. त्याचा तोल जातो.

तो काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण त्याचा प्रत्येक मुद्दा म्हणजे एक जखम आहे. हसतोस कशाला, तू मोठा घोडेस्वार वर्गातला असशील तर मी राजाचा मुलगा! मग गुलाम कसा झालास, असे विचारशील तर मी आपखुशीने झालो. प्रांतात कर भरत राहण्यापेक्षा रोमचा नागरिक होणे मला पसंत होते. (थाप आहे, पण काय थाप आहे!) आता मी माणसांत माणसासारखा ताठ मानेने फिरतो. कोणाचा छदाम देणे नाही. चौकात उभे करून माझे पैसे टाक असे मला कोणी म्हणू शकत नाही. थोडी जमीन घेतली, वीस पोटे आणि एक कुत्रा पोसतो. बायको दुसऱ्याची गुलाम होती, तिला पैसे मोजून सोडवले. स्वतःच्या डोक्याचे हजार दिनार भरले. सम्राटाच्या पूजेसाठी गावात जे सहा जण निवडतात त्यांत मला एक पैसा न घेता घेतले. चाळीस वर्षे गुलामी केली, पण मी गुलाम आहे की स्वतंत्र हे कोणाला कळले नाही. केस वाढलेला पोरगा म्हणून या गावात आलो तेव्हा इथली बॅसिलिकासुद्धा बांधलेली नव्हती.

शेवटच्या वाक्यापाशी थांबावे. बॅसिलिका म्हणजे चौकातली न्यायदानाची आणि व्यवहाराची मोठी इमारत. हर्मेरोसला आपले वय, आपले येणे मोजायला घराण्याची वंशावळ नाही, राजाची थाप सोडली तर आईबापांचा उल्लेखही नाही. तो काळ मोजतो गावाच्या इमारतींनी. सार्वजनिक जीवनाने ज्याला पदे नाकारली त्याचे खाजगी पंचांगसुद्धा सार्वजनिक आहे. पेट्रोनियसने हे वाक्य रागाच्या भरात सहज टाकून दिले आहे, आणि त्यातच त्याची उंची आहे.

मग हर्मेरोस अंगठ्यांवर येतो. मैत्रिणीच्या चोरलेल्या लाकडी अंगठ्यांनी मी दिपणार नाही, असे सुनावून तो आव्हान देतो की चल चौकात, दोघेही उसने पैसे मागू, मग माझ्या या लोखंडाला किती पत आहे ते कळेल. त्याच्या बोटात लोखंडाची अंगठी आहे, त्याच्या पायरीला शोभेल अशी, उघड. यजमानाने सोन्यावर लोखंड जडवले. याने लोखंडच पुढे केले. कायद्याने दिलेली प्रतिष्ठा आणि बाजाराने दिलेली पत यांच्यातली अख्ख्या पहिल्या शतकाची ओढाताण त्या एका अंगठीत मावली आहे. हर्मेरोसची भाषा मुद्दाम ओबडधोबड ठेवली आहे. त्यात उवा आहेत, गोचिडी आहेत, आणि आपल्याला पाटीवरची मोठी अक्षरे तेवढी वाचता येतात अशी बढाईच्या सुरातली कबुलीही आहे. कॉन्सल झालेल्या एका माणसाने ही बोली कुठे बसून ऐकली असेल? घरच्याच गुलामांकडून, दुसरे कुठे.

यजमान नैसर्गिक विधीसाठी उठून जातो तेव्हा टेबलाभोवतीच्या गप्पा मोकळ्या होतात. या पाहुण्यांना पदे नाहीत, पण गावच्या राजकारणाची खडान्खडा माहिती आहे. गॅनिमीडची तक्रार भाकरीची आहे. बाजारावर देखरेख ठेवणारे अधिकारी आणि भटारखानेवाले एकमेकांना सांभाळून घेतात, गरीब माणूस मरतो. पूर्वी साफिनियस होता, जुन्या कमानीपाशी राहायचा. माणूस कसला, मिरी होता नुसती! चौकात उभा राहिला की तुतारीसारखा आवाज, आणि भेटला की नावाने हाक मारणार. तेव्हाची भाकरी दोघांना संपत नसे, आता बैलाचा डोळा तिच्यापेक्षा मोठा. एकियॉन गोधड्या-चिंध्यांचा व्यापारी. त्याला भाकरीपेक्षा खेळांत रस. अमका तीन दिवस तलवारबाजांच्या झुंजी देणार आहे. तमका माझ्या संघाला माणशी दोन दिनारांचे जेवण घालणार आहे, आणि तसे झाले तर त्याचा प्रतिस्पर्धी नॉर्बानस, त्याचे पाठीराखे गळालेच समजा. नॉर्बानसने काय दिले? फुंकर मारली तर पडतील असे म्हातारे तलवारबाज! त्याने खेळ दिला, मी टाळ्या दिल्या. हिशेब केला तर माझेच देणे जास्त झाले. निवडणुकीच्या हंगामात हे परिच्छेद वाचावेत. पॉम्पेईच्या भिंतींवर निवडणुकीच्या रंगवलेल्या अडीच हजारांहून जास्त घोषणा सापडल्या आहेत. एकियॉनची बडबड म्हणजे त्या भिंतींचा मागचा आवाज आहे.

याच एकियॉनला एक मुलगा आहे. त्याने ग्रीक उरकले, लॅटिन धरले आहे, पण पाखरांचा नाद वाईट. बापाने तीन गोल्डफिंच मारून टाकले आणि मुंगसासारख्या जनावराने खाल्ले म्हणून सांगितले. आता कायद्याची पुस्तके आणून दिली आहेत, कारण त्या धंद्यात भाकरी आहे. नाहीच जमले तर न्हावी, लिलाव पुकारणारा, गेला बाजार वकील. बाप स्वतः कुठे पोचणार नाही हे त्याला माहीत आहे. मुलगा मात्र बहुधा जन्मस्वतंत्र आहे. खऱ्या जगात हे किती थेट चाले याचा पुरावा पॉम्पेईत आहे. 62च्या भूकंपात पडलेले आयसिस देवीचे मंदिर पुन्हा बांधले गेले, त्यावर दात्याचे नाव न्यूमेरियस पॉपिडियस सेल्सिनस, आणि त्या औदार्याबद्दल नगरसभेने त्याला शुल्काशिवाय सदस्य करून घेतले. सदस्याचे वय सहा वर्षे. पैसे अर्थातच बापाचे, पॉपिडियस अँप्लिएटसचे, आणि तो सुटलेला गुलाम असावा असे मानले जाते.

त्रिमाल्किओला मूल नाही. म्हणून त्याचे सगळे लक्ष थडग्याकडे. स्मारके घडवणारा हॅबिन्नास शेजारीच बसला आहे, त्याला तो बारीकसारीक सूचना देतो. समोरून शंभर फूट, आत दोनशे फूट. पायाशी कुत्री, भरल्या शिडांची जहाजे. पहिली पाच जहाजे दारूसकट बुडाली आणि बायको फॉर्च्युनाताने दागिने विकून दिलेल्या शंभर मोहरांवर तो पुन्हा उभा राहिला, म्हणून ही जहाजे. आणि मधोमध तो स्वतः, व्यासपीठावर, जांभळ्या काठाचा टोगा नेसून, पाच सोन्याच्या अंगठ्या घालून, थैलीतून लोकांत नाणी ओतताना. इथे चांदण्या नाहीत. दगडातल्या अंगठीवर कोण खटला भरणार? लोकांनी तिथे घाण करू नये म्हणून एक राखणदार नेमायचा, आणि मध्ये घड्याळ बसवायचे, म्हणजे वेळ पाहणाऱ्याला मनात असो नसो, नाव वाचावेच लागेल. लेखात लिहायचे की सम्राटाच्या पूजेचे पद त्याला गैरहजेरीत दिले गेले, रोममधली कुठलीही कारकुनी पदे मिळाली असती पण त्याने घेतली नाहीत, तीन कोटी मागे ठेवले, आणि तत्त्वज्ञाचे कधी एक प्रवचनही ऐकले नाही.

हे विडंबन वाटते खरे, पण पॉम्पेईच्या हर्क्युलेनियम दरवाजाबाहेर नेव्होलेया टायकी या मुक्त झालेल्या बाईने स्वतःसाठी आणि मुनाटियस फाउस्टससाठी उभारलेले थडगे पाहिले की पेट्रोनियसने किती कमी मीठमसाला लावला आहे ते कळते. एका बाजूला जहाज, एका बाजूला नगरसभेने फाउस्टसला मानाने दिलेले रुंद आसन, लेखात पूजेचे पद. फक्त तिथे कोणी हसत नाही.

सूचना संपता संपता त्रिमाल्किओ ढसाढसा रडू लागतो. फॉर्च्युनाता रडते, हॅबिन्नास रडतो, आणि मयताला बोलावल्यासारखे घरचे सगळे गुलाम हंबरडा फोडतात. एन्कोल्पियस, जो आल्यापासून फुकटच्या ताटावर बसून नाक मुरडतो आहे, तोही आपल्याला रडू येऊ लागल्याचे सांगतो. दारूचा अंमल म्हणावा तर म्हणावा. पण पेट्रोनियसने ते वाक्य गाळले नाही. तेवढ्यात त्रिमाल्किओच सावरतो. मरायचे आहेच, मग तोवर जगायला काय हरकत आहे, आणि न्हाणीघर भट्टीसारखे तापले आहे, तेव्हा सगळ्यांनी चला आंघोळीला.